क्लीव्हलंड स्पायडर्स : 1899 चा हंगाम

अमेरिकेतील प्रमुख लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, बेसबॉलच्या इतिहासात एका संघाने एका हंगामात पत्करलेल्या सर्वाधिक पराभवांचा हंगाम. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या या संघाने 1899 साली नॅशनल लीगमध्ये 154 सामने खेळून 20 जिंकले आणि 134 गमावले. बारा संघांत तो तळाला राहिला आणि हंगामानंतर काही महिन्यांतच लीगमधून वगळला गेला. क्रीडाविषयक संकीर्ण माहितीत हा हंगाम बहुधा गंमत म्हणून येतो. प्रत्यक्षात संघाच्या मालकांनी हंगामाच्या तोंडावर आपल्याच दुसऱ्या संघासाठी तो रिकामा केला होता, आणि पुढचे सगळे आकडे त्या एका निर्णयाच्या संदर्भात वाचावे लागतात.

नाव : संघाची सुरुवात 1887 मध्ये अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या दुसऱ्या प्रमुख लीगमध्ये झाली. 1889 मध्ये तो नॅशनल लीगमध्ये आला आणि साधारण त्याच सुमारास ‘स्पायडर्स’ हे नाव रूढ झाले. गडद रंगाच्या नव्या गणवेशात किडकिडीत, लांब हातापायांचे खेळाडू कोळ्यांसारखे दिसत, म्हणून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती बहुतेक संदर्भग्रंथ देतात. ते प्रथम कोणी उच्चारले याबद्दल एकवाक्यता नाही. काही ठिकाणी ते संघाच्या व्यवस्थापनातील व्यक्तीच्या तोंडी घातले जाते, तर काही ठिकाणी वार्ताहरांच्या. त्या काळी संघांची टोपणनावे अधिकृत नसत. वृत्तपत्रे ती देत, बदलत आणि एकाच संघासाठी दोन-तीन नावे सर्रास चालत. हे लक्षात घेता नाव वार्ताहरांच्या लेखणीतून आले असावे, ही शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. मराठीत ‘कोळी’ म्हटले की जाळे विणणारा जीव आणि समाज असे दोन्ही अर्थ मनात येतात, म्हणून या नोंदीत मूळ नावच ठेवले आहे.

1899 पूर्वीचा संघ : स्पायडर्स हा पूर्वापार दुबळा संघ होता, असा समज या हंगामामुळे पसरला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. साय यंग या पिचरने (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) 6 ऑगस्ट 1890 रोजी याच संघाकडून पदार्पण केले. पुढे 511 विजयांचा, आजवर अबाधित राहिलेला विक्रम त्याच्या नावावर जमा झाला. 1892 मध्ये हंगामाचे दोन भाग केले होते. त्यातील दुसरा भाग स्पायडर्सने जिंकला, पण अंतिम मालिकेत बॉस्टनकडून तो हरला. 1895 मध्ये बलाढ्य बाल्टिमोर ओरिओल्सना नमवून त्याने टेंपल करंडक, म्हणजे पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांतील मालिकेचा करंडक, मिळवला. पुढच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याने त्याची परतफेड केली. जेसी बर्केट या बॅटरने 1895 व 1896 अशी सलग दोन वर्षे 0.400 च्या वरची सरासरी, म्हणजे दहा संधींत चारांहून अधिक यशस्वी फटके, राखली. कर्णधार-व्यवस्थापक पॅट्सी टेबो याच्या हाताखालचा हा संघ आडदांड आणि भांडखोर म्हणूनही ओळखला जाई. 1898 मध्ये, म्हणजे त्या दुर्दैवी हंगामाच्या आदल्याच वर्षी, त्याने 81 सामने जिंकले व 68 गमावले आणि पाचवे स्थान मिळवले.

अडचण मैदानातली नव्हती, प्रेक्षकांची होती. मालक फ्रँक डिहास रॉबिसन व त्यांचे बंधू स्टॅन्ली हे मुळात शहरातील ट्रामधंद्यातले लोक. 1891 मध्ये उघडलेले लीग पार्क हे मैदान त्यांनी आपल्या ट्रामच्या मार्गांवरच बांधले होते. सामना पाहायला येणारा माणूस आधी ट्रामचे भाडे देई आणि मग तिकिटाचे. प्रेक्षक रोडावले की दोन्ही गल्ले एकदमच रिकामे होत. कामगारवर्गाला सवड असायची ती रविवारी, आणि नेमक्या रविवारी खेळाला कायद्याची व धर्मसंस्थांची आडकाठी होती. मे 1897 मध्ये रॉबिसन यांनी रविवारचा सामना ठेवून पाहिला. पहिली इनिंग संपते न संपते तोच पोलिसांनी खेळाडूंना ताब्यात घेतले. 1898 मध्ये कमी गर्दीला कंटाळून मालकांनी क्लीव्हलंडचे पुष्कळसे ‘घरचे’ सामने परगावी नेले. पुढच्या वर्षी जे घडले त्याची ही पूर्वखूण होती. कारणे सांगताना काही लेखक रविवारच्या बंदीला पहिले स्थान देतात, तर काही रॉबिसन यांच्या शहरावरील रागाला. बंदीमुळे तोटा झाला हे खरे, पण बंदी असलेल्या इतर शहरांतले संघ असे मोडले गेले नाहीत, हेही विसरता येत नाही.

सेंट लुइसची खरेदी : सेंट लुइस ब्राऊन्स हा संघ 1898 मध्ये लीगच्या तळाशी होता. त्याचे मालक ख्रिस ‘फॉन डर आहे’ (von der Ahe) हे मैदानाला लागलेली आग, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत बुडाले होते. मार्च 1899 मध्ये संघाचा लिलाव झाला आणि मध्यस्थांमार्फत तो रॉबिसन बंधूंकडे आला. क्लीव्हलंडचा संघही त्यांनी हातचा सोडला नाही. एकाच लीगमधील दोन संघांत एकाच मालकाचे हितसंबंध असण्याच्या या व्यवस्थेला तेव्हा ‘सिंडिकेट’ म्हणत. लीगच्या नियमांत तिला अटकाव नव्हता. 1900 च्या जनगणनेनुसार सेंट लुइस हे देशातले चौथे मोठे शहर होते, तर क्लीव्हलंड सातवे. शिवाय सेंट लुइसमध्ये रविवारी खेळता येत असे. मालकांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता.

त्यांनी साय यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, क्युपिड चाइल्ड्स, जॅक पॉवेल, जॅक ओ’कॉनर आणि खुद्द टेबो अशा सगळ्या मोहऱ्यांना सेंट लुइसला हलवले. त्या संघाचे नाव ‘परफेक्टोज’ असे ठेवले गेले. त्यांच्या बदल्यात आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या सेंट लुइसमधील खेळाडू क्लीव्हलंडला आले आणि उरलेल्या जागा मिळतील त्या माणसांनी भरल्या. क्लीव्हलंडचा संघ आपण दुय्यम तमाशासारखा चालवू, अशा आशयाचे उद्गार स्टॅन्ली रॉबिसन यांनी काढल्याचे सर्वत्र नमूद आहे. नेमके शब्द निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे येतात, आशय मात्र एकच आहे.

ही व्यवस्था एकट्या रॉबिसन यांची नव्हती. त्याच वर्षी ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या संघांचीही मालकी एकत्र झाली आणि विली कीलर, जो केली, ह्यूई जेनिंग्ज हे बाल्टिमोरचे खेळाडू ब्रुकलिनला गेले. परंतु जॉन मॅकग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन यांनी बाल्टिमोर सोडण्यास नकार दिला. मॅकग्रॉच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघाने 86 विजय व 62 पराभव अशी कामगिरी करून चौथे स्थान मिळवले. सिंडिकेटमुळे संघ दुबळा होतो हे खरे असले, तरी 134 पराभवांपर्यंत जायला संघ पूर्णपणे उपसावा लागतो. बाल्टिमोरच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

हंगाम : पहिला सामना 15 एप्रिल 1899 रोजी सेंट लुइसमध्ये झाला आणि समोर होता परफेक्टोज. साय यंगने आपल्या जुन्या संघाविरुद्ध पिचिंग केले आणि सेंट लुइसने 10–1 असा विजय मिळवला. क्लीव्हलंडमधील पहिला खेळ 1 मे रोजी झाला. एका तिकिटात दोन सामने असूनही सुमारे 500 लोकच आले. सुरुवातीला लेव्ह क्रॉस हा तिसऱ्या बेसवरचा नावाजलेला खेळाडू व्यवस्थापक होता. त्याच्या हाताखाली संघाने 8 सामने जिंकले व 30 गमावले. मग मालकांनी क्रॉसलाही सेंट लुइसला बोलावून घेतले. त्यानंतर दुसऱ्या बेसवरचा जो क्विन व्यवस्थापक झाला. तो ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला प्रमुख-लीग खेळाडू मानला जातो आणि हंगाम नसताना अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करी. त्याच्या वाट्याला 12 विजय आणि 104 पराभव आले.

1 जुलैपर्यंत संघाने 61 सामने खेळले होते आणि त्यांपैकी 34 घरच्या मैदानावर. त्यानंतर चित्र पालटले. तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे. पण क्लीव्हलंडच्या गर्दीतून मिळणाऱ्या वाट्यात रेल्वेचे भाडे आणि हॉटेलचा खर्चही निघेना, म्हणून इतर संघ तिकडे जायला तयार होईनात. राहिलेल्या 93 सामन्यांपैकी 85 सामने स्पायडर्सना परगावी खेळावे लागले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘एक्झाइल्स’ आणि ‘वाँडरर्स’, म्हणजे हद्दपार आणि भटके, अशी नावे दिली. घरच्या 42 सामन्यांना मिळून 6,088 प्रेक्षक आल्याची नोंद परंपरेने दिली जाते. ती प्रमाण मानल्यास सामन्यागणिक सरासरी 145 पडते. त्या काळी गर्दीचे आकडे वार्ताहरांच्या अंदाजाने छापले जात, तेव्हा ही संख्या अचूक म्हणण्यापेक्षा अंदाज म्हणूनच घ्यावी. हजारो माणसांसाठी बांधलेल्या लाकडी मैदानात शे-दीडशे माणसे बसलेली असणार, एवढे त्यावरून समजते.

घरच्या मैदानावर 9 विजय व 33 पराभव, परगावी 11 विजय व 101 पराभव अशी फोड आहे. आजच्या वेळापत्रकात कोणताही संघ परगावी 81 च्या आसपासच सामने खेळतो, त्यामुळे हा 101 चा आकडा मोडला जाणे शक्यच नाही. लागोपाठ दोन सामने जिंकण्याची वेळ संपूर्ण हंगामात एकदाच, मे महिन्यात, आली. 26 ऑगस्ट ते 16 सप्टेंबर या काळात संघ सलग 24 सामने हरला. 18 सप्टेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध एक विजय मिळाला आणि मग शेवटचे 16 सामने पुन्हा हरले. शेवटच्या 41 सामन्यांतला तो एकच विजय.

आकड्यांचा अर्थ : अव्वल संघापासूनचे अंतर बेसबॉलमध्ये ‘सामन्यांनी मागे’ या मापाने सांगतात. क्रिकेटच्या गुणतक्त्याची सवय असलेल्या वाचकाला ते चमत्कारिक वाटते, म्हणून येथे उलगडून दाखवले आहे. दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिचे निम्मे करायचे. त्या वर्षी अजिंक्य ठरलेल्या ब्रुकलिनचे 101 विजय व 47 पराभव होते. विजयांतील फरक 81, पराभवांतील 87, बेरीज 168 आणि तिचे निम्मे 84. म्हणजे स्पायडर्स 84 सामन्यांनी मागे होते. अकराव्या क्रमांकावरील वॉशिंग्टनचे 54 विजय व 98 पराभव होते. हाच हिशेब तेथे लावला तर अंतर 35 येते. शेवटून दुसऱ्या संघापासूनही स्पायडर्स इतके दूर होते. विजयांचे प्रमाण 0.130 भरते. संघाने 529 धावा केल्या आणि 1,252 दिल्या, म्हणजे सामन्यामागे साधारण साडेतीन धावा मिळवून आठांहून थोड्या जास्त मोजल्या.

सलग 24 पराभव हा प्रमुख लीगमधील विक्रम आहे असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते नेमके नाही. तो नॅशनल लीगपुरता विक्रम आहे. 1889 मध्ये अमेरिकन असोसिएशनमधील लुईव्हिल संघ सलग 26 सामने हरला होता आणि ती लीग प्रमुख गणली जाते. ‘आधुनिक’ काळ 1901 पासून मोजण्याची प्रथा असल्याने त्यानंतरच्या याद्यांतून स्पायडर्स पूर्णच गळतात. 1962 मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या न्यूयॉर्क मेट्सचे 120 पराभव आणि 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे 121 पराभव ‘विक्रमी’ म्हणून गाजले ते याच मोजणीनुसार, आणि तेही 162 सामन्यांच्या हंगामात. 154 सामन्यांच्या काळातील 1916 चा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स 36 विजय व 117 पराभवांवर थांबला. एकूण पराभवांत 134 च्या जवळपासही कोणी गेलेले नाही.

खेळाडू : पिचर जिम ह्यूई याने 4 सामने जिंकले व 30 गमावले. एका हंगामात 30 पराभव सोसणारा तो शेवटचा पिचर. चार्ली नेपर याचे आकडे 4 व 22, फ्रँक बेट्स याचे 1 व 18. ‘क्रेझी’ या नावाने ओळखला जाणारा फ्रेडरिक श्मिट 2 व 17 वर राहिला, तर हॅरी कॉलिफ्लॉवर 1 व 11 वर. संकलनांत ही नावे थट्टेसाठी उद्धृत होतात आणि प्रस्तुत लेखकाला ते अन्यायाचे वाटते. विली सुडहॉफ याचे उदाहरण पाहावे. क्लीव्हलंडकडून त्याने 3 सामने जिंकले व 8 गमावले. हंगामाच्या मध्यातच त्याला सेंट लुइसला नेण्यात आले आणि तिथे त्याच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त झाली. माणूस तोच, वर्षही तेच, बदलले ते पाठीमागे उभे असलेले क्षेत्ररक्षक आणि बाजूने धावा करणारे बॅटर. ज्याने ज्याने थोडी चमक दाखवली त्याला बोलावून घ्यायचे, हा मालकांचा शिरस्ता झाला होता. क्रॉस आणि सुडहॉफ या दोघांच्या बाबतीत तो उघड दिसतो. अशा स्थितीत क्विनने स्वतः 0.280 च्या वर सरासरी राखली, ही गोष्ट कौतुकाची आहे.

शेवटचे दोन सामने 15 ऑक्टोबर रोजी सिनसिनाटीत झाले आणि ते 16–1 व 19–3 असे गमावले. दुसऱ्या सामन्यात एडी कोल्ब नावाच्या तरुणाने पिचिंग केले. संघ उतरला होता त्या हॉटेलात सिगार विकणारा हा पोरगा, त्याने खेळू देण्याची गळ घातली आणि व्यवस्थापकाने होकार दिला, अशी कथा आहे. काही संशोधकांच्या मते तो शहरातील हौशी सामन्यांत खेळणारा पिचर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि तसेच असावे. त्याने सामना अर्ध्यावर न सोडता पूर्ण केला. प्रमुख लीगमध्ये त्याच्या नावावर तेवढा एकच सामना आहे. हंगाम संपल्यावर खेळाडूंनी प्रवासव्यवस्था पाहणारे चिटणीस जॉर्ज म्यूर यांना हिरेजडित लॉकेट भेट दिले, असेही सांगतात. आमचे सगळे सामने पाहण्याचे दुर्भाग्य ज्यांच्या वाट्याला आले असे तुम्ही एकटेच, अशा अर्थाचे काही ते देताना बोलले गेले म्हणे. ही आठवण खरी असल्यास पगाराची आणि सन्मानाची दोन्हीकडून ओढाताण सोसलेल्या त्या माणसांचे मन त्यात दिसते.

ज्यासाठी हे सारे केले त्या परफेक्टोजला 84 विजय व 67 पराभवांसह पाचवेच स्थान मिळाले. आदल्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये राहून याच खेळाडूंनी पाचवे स्थान मिळवले होते. परफेक्टोजच्या गणवेशावरील लाल कडांवरून पुढे ‘कार्डिनल्स’ हे नाव आले. 1911 मध्ये स्टॅन्ली यांच्या मृत्यूनंतर तो संघ फ्रँक यांची कन्या हेलेन ब्रिटन यांच्याकडे आला. प्रमुख लीगमधील संघाच्या त्या पहिल्या महिला मालक होत.

परिणाम : 1900 च्या आरंभी नॅशनल लीगने बारा संघांचे आठ केले. क्लीव्हलंड, बाल्टिमोर, लुईव्हिल आणि वॉशिंग्टन हे चार संघ वगळले गेले. रिकाम्या झालेल्या शहरांत बॅन जॉन्सन यांनी संधी पाहिली. 1899 च्या अखेरीस त्यांच्या वेस्टर्न लीगने ‘अमेरिकन लीग’ असे नाव घेतले होते. 1900 मध्ये तिने क्लीव्हलंडमध्ये संघ आणला आणि 1901 मध्ये स्वतःला प्रमुख लीग म्हणून जाहीर केले. आजच्या दोन लीगच्या रचनेचे मूळ अशा रीतीने काही अंशी या चार शहरांच्या परित्यागात आहे. एकाच मालकाला दोन संघांत वाटा ठेवण्यास पुढे नियमांनी मनाई केली.

‘इंडियन्स’ या नावाचा वाद : क्लीव्हलंडच्या नंतरच्या संघाला 1915 मध्ये ‘इंडियन्स’ हे नाव मिळाले. स्पायडर्सचा खेळाडू लुई सॉकॅलेक्सिस याच्या सन्मानार्थ ते दिले गेले, असे अनेक दशके सांगण्यात येत होते. मेन राज्यातील पेनॉब्स्कॉट जमातीचा हा खेळाडू 1897 मध्ये संघात आला, 66 सामन्यांत 0.338 च्या सरासरीने खेळला आणि त्याच्यामुळे वृत्तपत्रे संघाला ‘इंडियन्स’ म्हणू लागली. प्रेक्षक मात्र त्याला पाहून युद्धघोषांची नक्कल करीत. दुखापत व मद्यपान यांनी त्याची कारकीर्द आटोपली. 1899 च्या संघातही तो होता, पण अवघ्या सात सामन्यांपुरता. 1915 च्या नामकरणात त्याचा सन्मान हा हेतू होता का, याविषयी अलीकडचे संशोधक साशंक आहेत. नाव वार्ताहरांच्या समितीने सुचवले होते आणि आदल्याच वर्षी बॉस्टन ‘ब्रेव्हज’ने विजेतेपद मिळवल्याने तशा नावांची हवा होती. त्या वेळच्या वृत्तपत्रांत सॉकॅलेक्सिसचा उल्लेख आढळतो, परंतु गौरवाचा सूर क्वचितच आहे. सन्मानाची कथा नंतर बळकट होत गेली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

2022 च्या हंगामापासून तो संघ ‘गार्डियन्स’ झाला. नवे नाव ठरवताना ‘स्पायडर्स’ परत आणावे असा आग्रह अनेक चाहत्यांनी धरला होता. स्पायडर्स ज्या लाकडी लीग पार्कमध्ये खेळले त्याच्या जागी 1910 मध्ये काँक्रीट व पोलादाचे मैदान उभे राहिले आणि तेही पुढे बहुतांशी पाडले गेले. तिकीटघराची जुनी इमारत मात्र टिकून आहे. 2014 मध्ये जागेचा जीर्णोद्धार होऊन तेथे बेसबॉलचे संग्रहालय सुरू झाले आणि पूर्वीच्याच जागी मैदान पुन्हा आखण्यात आले. शहरातली मुले आता तेथे खेळतात.